कायुपानांसाठी निरोप

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आणि तो माते चहाचा भोपळा इकडे दे, तुझ्या हातात गार होतोय. तर, देल्मीरा कायुपान तुला ठाऊक आहे ना? पेद्रेगोसोच्या पठारावरची, ती उंच, जिला तिचा भाऊ रोके 'काडी' म्हणतो? म्हणजे म्हणायचा. आता तो तिला कसलीच हाक मारत नाही. का, तेच तर सांगायचंय.

तो मोठा बर्फ पडला, त्या जुलैतली, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातली गोष्ट. फोनबिन काही नव्हतं पठारावर. होता तो रेडिओ. दुपारी आणि संध्याकाळी निरोपांची वेळ झाली की जो तो हातातलं काम टाकून रेडिओला चिकटणार. अमकीला मुलगा झाला, तमक्याचा घोडा सापडला, फलाण्याने शुक्रवारी फाटकाशी उभं राहावं. आणि एकदा का रेडिओवरून निरोप आला की आला! उलट उत्तर देता येत नाही ना! 'अगं नको येऊस' म्हणायची सोयच नाही. म्हणून पलीकडचा माणूस धरूनच चालतो की ऐकलं असणार. आणि अलीकडचा, मरो की जगो, सांगितल्या जागी जाऊन उभा राहतो.

रविवारी दुपारी निरोप आला. "कायुपान कुटुंबासाठी, पेद्रेगोसो. एर्सीलियाच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. गुरुवारी तुर्काच्या ट्रकने निघते आहे. फाटकाशी घोडा घेऊन थांबा."

एर्सीलिया म्हणजे देल्मीराची आई. एस्केलला, शहरात, डोळा करायला गेली होती. आणि तुर्क म्हणजे तो फिरता दुकानदार, कातडी घेतो नि साखरपीठ देतो. त्याचा ट्रक मोठ्या रस्त्याने जातो, फाटकाशी माणूस उतरवतो नि पुढे निघतो. फाटकापासून घर घोड्यावर चांगली तीन तासांची वाट. मध्ये चिटपाखरू नाही.

बरं, त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाला. आधी सगळ्यांना मजाच वाटली. देल्मीराने तोर्ता, म्हणजे पिठाच्या जाड पुऱ्या, तळल्या, बाबांनी, म्हणजे अनिसेतोने, खाऊन खाऊन पोट बडवलं. सोमवारी उठून बघतात तर दार उघडेना. रोकेने खिडकीतून उडी मारून फावड्याने दार मोकळं केलं. आणि वरून पडतोच आहे, पडतोच आहे, थांबायचं नाव नाही.

आता मेंढ्या. दोनशेच्या वर मेंढ्या होत्या त्यांच्या, बहुतेक सगळ्या गाभण. वारा लागू नये म्हणून रोकेने रविवारीच त्यांना म्हातारीच्या घळीत घातलं होतं. कोणीही तेच केलं असतं. पण रात्रीत वारा फिरला आणि सगळ्या पठारावरचा बर्फ झाडून नेऊन त्याच घळीत ओतला. मंगळवारी रोके तिथवर कसाबसा जाऊन आला, तर घळच नाही! सपाट पांढरं. नुसती भोकं दिसतायत, बशीएवढी, पिवळट कडेची, आणि प्रत्येक भोकातून वाफ येतेय. खाली मेंढ्या श्वास घेतायत.

"जिवंत आहेत," घरी येऊन तो म्हणाला. त्याच्या मिशांवर बर्फाचे मणी लटकलेले. "पण उद्याच काढायला हव्यात. उद्या अख्खा तांडा घेऊन जातो."

तांडा म्हणजे त्यांच्या सात घोड्या. आमच्याकडे बर्फात रस्ता माणूस नाही करत, घोड्या करतात. पुढे म्होरकी, गळ्यात घंटा, मागे एकीच्या पावलात एक पाऊल टाकत बाकीच्या. सातवी गेली की खाली चांगली गल्ली तयार. त्या गल्लीतून मेंढ्या बाहेर काढायच्या आणि वाऱ्याने गवत उघडं पडलंय त्या धारेवर नेऊन सोडायच्या. एकटा घोडा घेऊन गेलास ना, तर तो छातीपर्यंत रुततो आणि शंभर पावलांत धापा टाकत बसतो. आणि म्होरकी जिकडे, तांडा तिकडे. दोन तुकडे करता येत नाहीत. घंटेपासून तोडलीस की घोडी जागेवर उभी राहून खिंकाळते, बास. हे नीट लक्षात ठेव हं, सगळं ह्याच्यावरच आहे.

मंगळवारी संध्याकाळी निरोपांची वेळ झाली. रोकेने रेडिओ लावला, तर आवाज डासासारखा.

"बाबा! सोमवारभर काय ऐकत होतात?"

"अकॉर्डियन," अनिसेतो म्हणाला. गेल्या वर्षी घोड्यावरून पडून त्याचा खुबा गेलेला, तो खुर्चीतून उठत नसे. "बर्फात म्हाताऱ्याने काय करावं? फुगडी घालावी?"

"नवे सेल?"

"आई आणणारय."

मग काय, सेल काढून चुलीच्या कडेला भाजायला ठेवले. गरम झाले की चार शब्दांपुरता जीव येतो त्यांच्यात. बाबांनी एकेक दातांनी चावूनसुद्धा बघितला. परत घातले. तिघांची डोकी रेडिओला टेकलेली, पिसू कुत्रं पायात. आणि आवाज आला, अगदी खणखणीत, "कायुपान कुटुंबासाठी, पेद्रेगोसो..."

आणि गेला.

रोकेने रेडिओ हलवला, थोपटला, शिव्या दिल्या. सेल पुन्हा भाजले. काही नाही. खरखरसुद्धा नाही.

 मग रोके म्हणाला, "येत नाहीये ती. दुसरं काय असणार? एस्केललाही बर्फ असेलच. तेच कळवलं असेल."

"किंवा आधी निघालीय," देल्मीरा म्हणाली.

"आधी? डोकं फिरलंय का तुझं, काडी? असल्या बर्फात आधी कोण निघतं?"

"आई."

"रस्ता बंद व्हायला आलाय!"

"म्हणूनच. रस्ता बंद व्हायला आला की ती काय करेल? गुरुवारपर्यंत थांबेल? ती? सकाळची गाडी असली तर आदल्या रात्री जाऊन थांब्यावर बसते ती. तुझ्या बाप्तिस्म्याला पाद्री यायच्या आधी चर्चच्या पायरीवर बसली होती तुला घेऊन."

"ते खरंय," बाबा म्हणाले. "आमच्या लग्नातही माझ्या आधी येऊन बसली होती. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच लग्नात घुसलो."

रोकेला हसू आलं नाही. तो काही वाईट नव्हता हं, तसं समजू नकोस. आईवर त्याचा जीव होता. तो चुलीपाशी उकिडवा बसला आणि शांतपणे म्हणाला, "हे बघ. निरोप गुरुवारचा आहे. ऐकलेला निरोप तो. उद्या बुधवार. उद्या मेंढ्या, परवा आई. परवा मी स्वतः तांडा घेऊन फाटकाशी जातो, ट्रक येवो न येवो. पण उद्या नाही काढल्या, तर आभाळ मोकळं होईल, रात्री गोठेल, वर काचेसारखी खपली धरेल. मग घोड्यांच्या पायांच्या नळ्या कापल्या जातील आणि मेंढ्या खालीच गुदमरतील. मेंढ्या गेल्या की आपण काय खायचं? अकॉर्डियन?"

आता सांग, ह्यात चूक काय होतं? काहीच नाही. देल्मीरालाही कळत होतं.  पण डोक्यात तेच, आईचं बोलणं. आई कधी 'येत नाही' म्हणून निरोप धाडायचीच नाही. नाही जमलं तर नाही यायची, बास. ती निरोप धाडायची ते फक्त कामाला लावायला! थांबा, आणा, बांधून ठेवा, या. तर मग हा दुसरा निरोप कसला? आणि समज ती बुधवारी उतरली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, त्याने तिला माणूस आणि खांब सारखाच दिसतो. फाटकाशी घोडा नाही. मग?

बुधवारी उजाडायला लागलं. बर्फ जरा थांबला होता, वारा मात्र कान कापत होता. रोके पडवीत लांब काठ्या बांधत होता, मेंढ्या टोचून शोधायच्या काठ्या. देल्मीराने बुटांत लोकर कोंबली, गालांना काजळी फासली, पांढऱ्याने डोळे जाऊ नयेत म्हणून, आणि मागच्या दाराने बाहेर पडली. बाबा जागे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या बुटांकडे बघितलं.

"मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

गोठ्यात अबलख म्होरकी उभी होती. रात्री वाजू नये म्हणून तिच्या घंटेत चिंधी कोंबलेली असते. देल्मीराने खोगीर घातलं, चिंधी तशीच ठेवली. मुकाट निघायचं असं ठरवलं होतं बिचारीने. पण चिंधी असली तर मागच्या घोड्यांना ऐकू कसं येणार? त्या हलेचनात. अबलख दहा पावलं पुढे गेली, बाकीच्या सहा जणी गोठ्यात उभ्या, खिंकाळायच्या बेतात.  देल्मीरा खाली वाकली आणि चिंधी उपसून काढली.

टण. टण. टण.

पडवीतल्या काठ्यांचा आवाज थांबला.

"काडी!" रोके धावत आला, गुडघाभर बर्फात पडला, उठला. "काडी, ती इकडे वळव! देल्मीरा! देल्मीरा, मेंढ्या!"

ती वळली नाही. सांगते ती अजून, पाठीला त्याचा आवाज दगडासारखा लागत होता. मागे घोड्या एकामागोमाग एक, घंटेच्या मागे, शहाण्यासारख्या.

धारेवरून जायचा जवळचा रस्ता धरला तिने. जवळचा म्हणजे काय, अबलख छातीने बर्फ फोडत होती, दर थोड्या वेळाने थांबायची, नाकपुड्यांतून धुराडं. सगळं पांढरं. मध्येच पुन्हा पडायला लागला, आडवा, सुयांसारखा. देल्मीराच्या मनात एकच. तिथे कोणी नसेल तर? रस्ता रिकामा असेल, मी बर्फात बसून राहीन आणि तिकडे एकेक भोक बुजत जाईल. एका जागी तर तिने घोडी वळवलीसुद्धा होती. आत्ता वळले तर दुपारपर्यंत घळीशी पोचेन, असा हिशेब केला. अबलख अर्धी वळून उभी. मग तिने स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुन्हा सरळ केली.

फाटकाशी पोचली तेव्हा दिवस कलायला लागला होता. कोणी नाही. मोठ्या रस्त्यावर चाकांच्या खुणा नाहीत, वारा सगळं पुसून टाकतो. पाऊल नाही. फाटक अर्धं गाडलेलं. देल्मीरा बसल्या बसल्या बघत राहिली. तिला रडूसुद्धा येईना. मेल्या, असं तिच्या मनात आलं. मेंढ्या मेल्या, आणि मी मारल्या.

आणि तेवढ्यात अबलखने मान पुढे करून काहीतरी हुंगलं. फाटकाच्या खांबाला, पलीकडच्या बाजूने, एक पिशवी टांगलेली. वरचा बर्फ झटकला तर लाल-काळ्या पट्ट्यांची, आईने स्वतः विणलेली. आत माते चहाचा पुडा, साखर, बाबांची तंबाखू. आणि रेडिओचे नवे सेल, कागदसुद्धा न फाडलेले.

तिने सेल मुठीत धरून चारी बाजूंना बघितलं. कारण पिशवी आहे आणि आई नाही. आई आली, थांबली, वाट बघितली, येणाऱ्याला कळावं म्हणून पिशवी लावली आणि चालत निघाली. पण कुठे? धारेच्या वाटेने देल्मीरा स्वतःच आली होती, तिथे दिसली नाही. म्हणजे एकच उरलं. ज्यांना दिसत नाही ती माणसं कशी चालतात? कुंपणाच्या तारेला हात लावून. तार ओढ्याच्या कडेने वळसा घेत घरापर्यंत जाते. लांबचा रस्ता, पण हाताने सापडणारा.

तिने अबलखला कुंपणाच्या कडेला घातलं. दोन-चारशे पावलांवर तार बर्फात शिरली आणि दिसेनाशी झाली. नुसता उतार, गुळगुळीत. "आई!" वारा तोंडातून शब्द काढून घेऊन जात होता. "आई!" काही नाही. पिसूला आणायला हवं होतं, ते राहिलं.

ती उतरली, तार आत शिरते तिथे गेली आणि रिकिबीचं लोखंड काढून तारेवर हाणलं. ठण्ण! हातमोजा काढून उघड्या हाताने तार धरली. तार थरथरली आणि थांबली. पुन्हा हाणलं. पुन्हा धरली. बोटं तारेला चिकटायला लागली, कातडं निघेल अशी. तिसऱ्यांदा हाणलं, धरून ठेवलं, श्वास रोखला.

तार हलली. तिने नव्हती हलवली. कोणीतरी पलीकडून दोनदा ओढली.

देल्मीराने तांडा घातला त्या उतारात, अबलखला टाचा मारमारून. सातही घोड्या बर्फ फोडत गेल्या आणि एका कालाफातेच्या काटेरी झुडपापाशी, झुडपाच्या पोटात म्हण, आई बसलेली. अंगावरचा लोकरीचा पोंचो डोक्यावरून घेतलेला, वर हातभर बर्फ, डोळ्यावरची पट्टी बर्फाने टणक झालेली. एक हात तारेवर. तो हात सोडवताच येईना. तार सुटली की संपलो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तार बर्फात शिरली तशी तीही तिथेच बसून राहिली होती. आणि पहिलं काय म्हणाली असेल?

"उशीर केलास. बुधवारी फाटकाशी थांबा म्हणून सांगितलं नव्हतं?"

"ऐकूच नाही आलं, आई. सेल संपले."

"तो म्हातारा!" आईचे ओठ निळे, शब्द बोबडे. "तुर्क मला उतरवतच नव्हता. म्हटलं, अरे, रेडिओवर सांगितलंय, माझी पोरं येणारच. तू जा."

अंधार पडता पडता घरी पोचल्या, आपल्याच गल्लीतून, म्हणून पोचल्या. बाबांनी आईचे पाय मांडीवर घेऊन लोकरीने चोळले, तोंडाने शिव्या, डोळ्यांतून पाणी. रोके घरात नव्हता. तो बऱ्याच वेळाने आला. फावडं, काठी आणि पिसू घेऊन दिवसभर एकटा उकरत होता. हातांनी ओढून काढलेल्या मेंढ्या, त्याही थोड्याच. दारात उभा राहून त्याने आईला बघितलं. गेला, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. देल्मीराकडे बघितलं नाही.

रात्री आभाळ मोकळं झालं. रोके म्हणाला होता तसंच. सकाळी सगळं पठार काचेचं. तरी तांडा नेला, तर अबलखच्याच नळ्या पहिल्या फाटल्या, बर्फावर लाल ठिपके. पुढचे दिवस दोघं बहीणभाऊ काठ्या टोचत हिंडले, न बोलता. काठी मऊ लागली की उकरायचं. काही जिवंत निघाल्या, एकमेकींची लोकर खाऊन जगलेल्या, नागड्या. बाकीच्या उभ्याच होत्या, गोठलेल्या, पोटात कोकरं घेऊन. दोनशेतल्या चौथाई राहिल्या असतील.

रविवारी सगळे पहिल्यांदा एकत्र जेवायला बसले. आईच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, नंतर ती काढावीच लागली. ती म्हणाली, "मेंढ्या किती राहिल्या?" चमचे ताटांवर वाजत राहिले. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे, म्हणजे चमच्यांच्या आवाजांच्या दिशेने, एकेक करून बघितलं. मग म्हणाली, "सांगा बघू, घोड्या कोणी नेल्या?"

"मी," देल्मीरा म्हणाली.

"हं." आईने पाव मोडला. "मी असते तर मेंढ्यांकडे गेले असते."

बाबा ठसकले. "अगं बये! तुला सोडून?"

"म्हातारी आहे मी. एकटी. तिथे दोनशे होत्या." आणि पावाचा मोठा तुकडा तिने चाचपून देल्मीराच्या ताटात ठेवला, दुसऱ्या कोणाच्या नाही.

तेव्हा रोके बोलला. चार दिवसांत पहिल्यांदा. "आई सापडली, त्यावर मी काही बोलणार नाही. तोंड आहे का मला? पण एवढंच सांग. त्या सकाळी तुला काय ठाऊक होतं? पिशवी दिसली होती तुला? तार हलली होती? नाव ऐकलं होतंस आपलं, पुढे काही नाही. तेवढ्यावर तू सगळं उचलून घेऊन गेलीस. फाटकाशी कोणी नसतं तर?"

  देल्मीराला आजही विचारलं तर म्हणते, मला ठाऊक नव्हतंच, काहीच नव्हतं ठाऊक, घंटेतली चिंधी काढतानाही नव्हतं.

वसंतात रोके कोमोदोरोला तेलाच्या विहिरींवर गेला. उरलेल्या मेंढ्यांत चौघांचं भागत नव्हतं. तिथून तो रेडिओवर निरोप धाडतो, दर महिन्याला. आईसाठी, बाबांसाठी, पिसूसाठीसुद्धा. देल्मीरा दर वेळी सेल नवे घालून बसते. काडीसाठी अजून एकही आला नाही.

नाही, थांब, ते आता तुला सगळं ठाऊक झाल्यावरचं नको सांगूस. पिशवी विसर, तार विसर. बुधवारची पहाट आहे, वारा सुटलाय, घळीतून वाफा येतायत आणि रेडिओ 'कायुपान कुटुंबासाठी' म्हणून मेलाय. घंटा तुझ्या हातात आहे. खरं सांग, तू काय केलं असतंस?